उजवा, डावा आणि मधला गुरव

मी आयुष्यभर कौल लावले असं सांगितलं की घाटावरचा माणूस आधी छपराकडे बघतो. कसालच्या नाक्यावर एस.टी.साठी थांबलो असताना कोल्हापूरकडचे एक गृहस्थ भेटले होते. काय करता, म्हणाले. म्हटलं, कौल लावतो. त्यांचा चेहरा उजळला. "बरं झालं भेटलात. आमच्या गोठ्याची कौलं माकडांनी फोडलीत. मंगळुरी लावता की साधी?" मी खुलासा करायला तोंड उघडलं तेवढ्यात त्यांची गाडी आली, आणि ते खिडकीतून मला आपला पत्ता सांगत निघून गेले. त्यांना सांगायचं राहून गेलं ते आज या अंकाच्या निमित्ताने लिहितो.

आमचं गाव मसुऱ्याहून पायी तासाभराच्या वाटेवर, खाडीच्या काठाला. गावाची देवी सातेरी. आमचं घराणं तिचं गुरव. सकाळची पूजा, सांजेची दिवाबत्ती आणि सोमवारी कौल, एवढं आमचं काम. बाबांना मोतीबिंदूने दिसेनासं झालं तेव्हा, म्हणजे पन्नास सालानंतर लवकरच, ते माझ्याकडे आलं. मी सातवी पास होतो आणि मुंबईला जायची पिशवी भरून तयार होती. ती पिशवी पुढे बरीच वर्षं खुंटीला लटकत होती.

कौल म्हणजे देवीला विचारणं. आमची देवी काळ्या पाषाणाची. तिच्या दोन्ही खांद्यांवर ठरलेल्या जागा आहेत. फुलाच्या दोन पाकळ्या पाण्यात बुडवून गुरवाने तिथे चिकटवायच्या. मग गावचा मानकरी हात जोडून गाऱ्हाणं घालतो, म्हणजे कोण आलंय, कशासाठी आलंय, काय विचारायचंय ते देवीला मोठ्या आवाजात, आमच्या मालवणी बोलीत सांगतो. त्याच्या प्रत्येक वाक्याला जमलेली माणसं "व्हय म्हाराजा!" म्हणून साथ देतात. मग सगळे गप्प. उजवी पाकळी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. उजवी म्हणजे देवीची उजवी, बघणाऱ्याची नव्हे. हे न कळल्यामुळे मुंबईहून आलेला एक जण नकार घेऊन आनंदाने पेढे वाटत घरी गेला होता, आणि त्याला परत बोलवायला माणूस धाडावा लागला.

आमच्या शाळेचे मास्तर मला नेहमी म्हणत, "नारायणराव, पाकळी ओलाव्याने चिकटते आणि सुकली की पडते." मी म्हणायचो, "मास्तर, ती ओली मीच करतो, मला ठाऊक नसेल का?" पाणी कमी-जास्त लावून हवी ती पाकळी आधी पाडता येते का? येते. बाबांनी मला पहिल्याच दिवशी ते करून दाखवलं होतं. दाखवून झाल्यावर पंच्याला हात पुसले आणि म्हणाले, "आता तुका ठाऊक झाला. आता करू नको." माझं सगळं शिक्षण या दोन वाक्यांत झालं.

आमचे मानकरी म्हणजे तातूकाका गावकर. शाळा दुसरीत सोडलेली, आठवड्याचे सहा दिवस शेतात, सातव्या दिवशी देवीसमोर. पण माणसाच्या पोटातलं ओठावर आणायची त्यांची हातोटी मी नंतर कुणा वकिलातही पाहिली नाही. मालवणच्या कचेरीत घाटावरचे एक साहेब बदलून आले होते. ते एका सोमवारी आमच्याकडे आले, बूट काढून उभे राहिले आणि घरून पाठ करून आणलेलं वाक्य म्हणाले, "श्रीदेवीने कृपावंत होऊन माझी बदली पुणे येथे होईल किंवा कसे, याचा खुलासा करावा."

तातूकाका त्यांच्याजवळ गेले. मग विचारलं, "थंय तुमचा कोण आसा?"

"आई आहे."

"बरी आसा?"

"एकटी असते. दिसत नाही तिला."

तातूकाकांनी मान हलवली आणि देवीकडे वळून हात जोडले. "बा माये सातेरी, ह्या लेकरू लांबसून तुझ्या दारात इलेला आसा!"

"व्हय म्हाराजा!"

"तेची आवस थंय एकटी आसा, डोळ्यांनी आंधळी आसा!"

"व्हय म्हाराजा!"

"तेका हंय जेवाण गोड लागणा नाय, झोप येणा नाय. आवशीची आणि लेकराची गाठ घाल गे माये! तेची बदली होतली काय नाय, ता आज उजव्या-डाव्यान सांग!"

साहेबांना मालवणी किती कळत होतं कोण जाणे, पण "आवस" कळलं असावं. एवढा मोठा माणूस, पाठ आमच्याकडे करून खांबाला धरून रडला. कौल डावा पडला. बदली नाही. ते गेले तेव्हा मला वाटलं, गरीब बिचारा हात हलवत परत चालला. महिन्याभराने बैलगाडीतून एक म्हातारी उतरली, साहेब तिचा हात धरून होते. पुण्याला जाता येत नाही तर आईला इथे आणू, हे इतक्या दिवसांत त्यांना सुचलंच नव्हतं. म्हातारीने उंबऱ्याला हात लावून मला विचारलं, "ज्यांनी माझं नाव देवीला सांगितलं ते कुठे आहेत?" तातूकाका शेतात होते. चिखलाच्या पायांनी आले आणि लाजून दूरच उभे राहिले.

हे झालं बरं. आता जे बरं झालं नाही ते सांगतो, कारण ते वगळलं तर पुढचं कळायचं नाही.

बाबल्या म्हणून माडावर चढून नारळ काढणारा एक जवान गडी होता. कोयता पायावर पडून जखम झाली, ती चिघळली. घरात दोन तट पडले. भाऊ म्हणे मालवणच्या डॉक्टराकडे न्यायचं, बाप म्हणे गावच्या वैद्याचा लेप पुरे. कौलाला आले त्या दिवशी तातूकाका तापाने अंथरुणावर होते, म्हणून गाऱ्हाणं मीच घातलं. तरणं वय, आवाज चांगला, वाटलं त्यात काय मोठंसं आहे. मी म्हणालो, "ह्येच्या पायाक डॉक्टराचा औषध लावूचा काय वैद्याचा, ता सांग गे माये!" पाकळी पडली. उजवी.

देवळातच भांडण सुरू झालं. भाऊ म्हणाला, "डॉक्टराचा नाव आधी घेतलंस, म्हणजे डॉक्टर." बाप म्हणाला, "वैद्याचा नाव मागसून घेतल्यान आणि लगेच पाकळी पडली. म्हणजे वैद्य." मग दोघेही माझ्याकडे वळले. "नारू, तूच सांग, देवीन काय सांगितल्यान?"

मी म्हणालो, "देवीन उजवो दिल्यान." एवढंच. बाप मोठा, त्याचं खरं झालं. पंधरा दिवसांनी बाबल्याला खाटेवरून मालवणला नेलं, आणि तिथे गुडघ्याखालून पाय कापावा लागला. तो पुढे पडवीत बसून काथ्याचे दोर वळायचा. मी वाटेने गेलो की हाक मारायचा, "नारू, बस रे वायच." मला एका शब्दानेही बोलला नाही. बोलला असता तर मला बरं वाटलं असतं.

पाय कापल्याचं कळलं त्या रात्री मी जेवलो नाही. बाबांना दिसत नव्हतं, पण ताट तसंच परत गेल्याचा आवाज कळला. ते म्हणाले, "देवी उत्तर दिता. पण कित्याचा, ता आपण ठरवूचा असता. एका प्रश्नात दोन वाटो घातलंस, मगे ती खंयच्या वाटेक व्हय म्हणतली? प्रश्न एकेरी घाल. आणि जा घडान गेला, ता कधी इचारू नको. पुढे आमी काय करूचा, तितक्याच इचार."

यानंतर दोनेक वर्षांनी जानकीचं प्रकरण झालं. त्यासाठीच मी हे सगळं लिहायला बसलो आहे.

जानकी ही खालच्या वाडीतली सून. वय असेल बावीस-तेवीस. तिचा नवरा दत्ताराम गलबतावर खलाशी होता. वैशाखात त्यांचं गलबत मंगळूरहून छपराची कौलं भरून मुंबईला निघालं. वाटेत वादळ झालं आणि ते मुंबईला पोचलं नाही. मागाहून आलेल्या गलबतांच्या तांडेलांपैकी कुणी म्हणे गोव्याच्या खाली दिसलं होतं, कुणी म्हणे नाहीच दिसलं. शिरोड्याच्या किनाऱ्याला निळ्या रंगाची एक फळी लागली. पण निळा रंग काय, सगळ्याच गलबतांना असतो. आषाढ गेला, श्रावण आला. दत्तारामची म्हातारी आई सकाळी दारात येऊन बसायची ती अंधार पडेपर्यंत.

श्रावणातल्या एका सोमवारी सकाळी दत्तारामचा थोरला भाऊ भिकाजी कौलाला आला. बरोबर वाडीतले पंधरा-वीस पुरुष, मागे बायका, आणि बायकांच्याही मागे डोक्यावरून पदर घेतलेली जानकी. बाबा नेहमीप्रमाणे खांबाशी बसले होते. मी पाकळ्या पाण्यात घातल्या.

"काका," भिकाजी तातूकाकांना म्हणाला, "दत्ताराम जितो आसा काय नाय, तितक्याच इचारा."

प्रश्न एकेरी होता. पण जे घडायचं ते समुद्रात कधीच घडून गेलं होतं, आणि ते विचारायचं नाही असं मला शिकवलं होतं. मी बाबांकडे पाहिलं. ते कान देऊन मी काय करतो ते ऐकत होते. मी पाकळ्यांची वाटी खाली ठेवली.

"ह्या प्रश्नाक मी पाकळी लावणंय नाय."

एकदम गलका झाला. मागून कोणीतरी ओरडलं, "गुरवान पाकळी लावूची! काय इचारूचा ता गाव ठरवतलो!" तेही खरंच होतं. गुरवाने कौल नाकारला असं आमच्या गावात कोणाच्या ऐकिवात नव्हतं. देवळाची सेवा गावाने दिलेली, गावाने मनात आणलं असतं तर त्याच दिवशी काढून घेतली असती.

भिकाजी माझ्या बरोबरीचा, शाळेत एका पाटावर बसलेला. तो पुढे आला. "नारायणा, देवी आमची पण आसा. तिच्या-आमच्या मधी उभो रवणारो तू कोण?"

मी म्हणालो, "मधीच उभो आसंय, म्हणान सांगतंय. उजवो पडलो आणि तो परत इलो नाय, तर तू देवीक खोटी म्हणतलंस. डावो पडलो, तुमी हिचा कुंकू पुसलास, आणि दिवाळेक तो होडयेतसून उतारलो तर? मगे खंय तोंड लपवतलास?"

"मगे मी काय करू?" भिकाजीचा आवाज फुटला. "माझी आवस दारातसून उठणा नाय. भात पुढ्यात सुकता. तिका काय सांगू, ता तरी सांग!" आणि तो देवळाच्या फरशीवर बसून लहान पोरासारखा रडायला लागला. मला तेव्हा कळलं की त्याला भावजयीचं कुंकू पुसायची घाई नव्हती. त्याला आईसाठी एक वाक्य हवं होतं, कसलंही.

मग मागून बायकांमधून आवाज आला, "काका, मी इचारू?"

जानकी पुढे आली होती. तातूकाका गोंधळले. बाई माणसाने गाऱ्हाणं घालायची रीत नव्हती. पण तिनेच वाट काढली. "तुमच्या तोंडान इचारा. पण शब्द माझे घाला."

"बोल गो बाय."

"मी वाट बघू काय?"

"इतक्याच?"

"इतक्याच."

तातूकाकांनी माझ्याकडे पाहिलं. मी वाटी उचलली. खरं लिहायचं तर त्या क्षणी माझ्या हाताला मोह झाला. उजव्या पाकळीला पाणी जरा कमी, एवढंच करायचं होतं. किंवा डावीला, आणि पोरगी या फेऱ्यातून सुटली असती. यातलं तिच्या भल्याचं कुठलं तेही मला कळत नव्हतं. मी दोन्ही पाकळ्या एकाच वाटीत एकदम बुडवल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा डोळे मिटून लावल्या. जागा बोटांना पाठ होत्या.

"बा माये सातेरी, ह्या तुझा चेडू तुझ्या पायाकडे उभा आसा!"

"व्हय म्हाराजा!"

"ता तुका इचारता, मी वाट बघू काय?"

यावर "व्हय म्हाराजा" म्हणायचं कोणाला सुचलंच नाही. श्रावणातली हवा ओली, पाकळ्या लवकर सुटत नाहीत. आम्ही किती वेळ उभे होतो सांगता येणार नाही. भिकाजी रडायचा थांबून वर बघत होता. दाराबाहेर पाऊस येऊन गेला, परत ऊन पडलं. आणि उजवी पाकळी पडली.

भिकाजीने ती पाकळी पानात बांधून घेतली आणि आईला नेऊन दिली. म्हातारी त्या दिवशी दारातून उठली आणि जेवली, हे मला संध्याकाळी कळलं.

दत्ताराम दिवाळीला आला नाही, शिमग्याला आला नाही, पुढेही आला नाही. पण देवीने वाट बघायला सांगितलं होतं, त्यामुळे जानकीचं कुंकू राहिलं, घरातली जागा राहिली. माहेरी पाठवून द्यायची गोष्ट कोणी काढली नाही. भिकाजीने तिला धाकट्या बहिणीसारखं वागवलं, त्याबद्दल गावाने त्याला कधी नावाजलं नाही म्हणून मी इथे लिहून ठेवतो.

वर्षभराने ती माझ्या बायकोकडे आली आणि म्हणाली, "वैनी, माका वाचूक शिकव. तेचा पत्र इला तर ता दुसऱ्या कोणी वाचूक नको." माझी बायको चौथी शिकलेली. दुपारी भांडी घासून झाली की दोघी मागीलदारी राखेत अक्षरं काढत बसायच्या. दत्तारामचं पत्र आलं नाही. पण मुंबईला असलेल्या वाडीतल्या चाकरमान्यांची पत्रं येत होती, आणि आतापर्यंत ती वाचून घ्यायला बायकांना मास्तरांकडे जावं लागे. नवऱ्याने लिहिलेलं परक्या पुरुषाच्या तोंडून ऐकायचं. आता त्या जानकीकडे जाऊ लागल्या. ती उत्तरंही लिहायची, आणि बाई बोलेल तसंच्या तसं, मालवणीत. मुंबईत ती पत्रं वाचून गडी म्हणे हसायचे आणि मग परत वाचायला घ्यायचे.

आणि हळूहळू एक नवीनच गोष्ट सुरू झाली. सोमवारी कौलाला येणाऱ्या बायका आधी जानकीच्या पडवीत थांबून येऊ लागल्या. ती कधीकधी त्यांच्याबरोबर यायची आणि मला बाजूला सांगायची, "नारूदादा, हिचो प्रश्न इस्कटलेलो होतो, बांधून आणलंय."

त्यातला एक सांगतो. एका सासूला विचारायचं होतं, माझी सून वांझ आहे काय? असला प्रश्न देवळात घातला असता तर कौल कसाही पडो, त्या पोरीचा जन्म गेला असता. जानकी तिच्याशी दोन सोमवार बोलत होती. तिसऱ्या सोमवारी सासू आली आणि तातूकाकांना म्हणाली, "सुनेक घेऊन कुडाळच्या डॉक्टरणीकडे जाव काय, ता इचारा." तातूकाका माझ्याकडे बघून मिशीत हसले. कौल उजवा पडला. पुढे त्या घरात पाळणा हलला की नाही ते इथे सांगत नाही, ते त्यांचं त्यांच्याकडे. पण सासू-सुना आयुष्यात पहिल्यांदा एका सीटवर बसून कुडाळला गेल्या, हे सगळ्या वाडीने पाहिलं.

बाबल्याच्या वेळी जे मला जमलं नव्हतं, बाबांनी जे मला तोंडाने शिकवलं होतं, ते ही बाई कोणी न शिकवता करत होती. माझ्या हातून त्यानंतर दुसरा पाय गेला नाही, याचं श्रेय अर्धं तिचं आहे. तिला मी ते कधी नीट सांगितलं नाही. आमच्यात असलं बोलायची पद्धत नव्हती.

तरी माझ्या मनात एक सल होताच. नारळी पुनवेला सगळी वाडी खाडीवर नारळ सोडायला जाते. तिथे ती पाण्याकडे बघत उभी दिसली की मला वाटायचं, हे मी केलं. एकदा न राहवून विचारलं, "जानकी, तुका माझो राग येणा नाय?"

"कित्याक?"

"त्या दिवशी मी अडवलंय नसतंय तर एकदाचा काय ता झाला असता. रडून मोकळी झाली असतंस."

ती हसली. हसली म्हणजे खरंच हसली. "दादा, देवीन 'वाट बघ' म्हटल्यान. कोणाची, ता मी तिका खंय इचारलंय? पयली दोन वर्सा तेची बघलंय. मगे पोस्टमनाची बघूक लागलंय. आता सोमवाराची बघतंय."

मी घरी येऊन हे बाबांना सांगितलं. ते तेव्हा फार थकले होते. म्हणाले, "तिका माझो नमस्कार सांग." म्हाताऱ्या गुरवाने खालच्या वाडीतल्या सुनेला नमस्कार सांगावा, असं पूर्वी कधी झालं नव्हतं. मी सांगितला. ती एवढी लाजली की दोन सोमवार देवळाकडे फिरकली नाही.

देवी खरंच बोलते का, असं मला पुष्कळांनी विचारलं आहे. अंकाच्या संपादकांनीही विचारलं. मी एवढंच सांगू शकतो की मी तिचा आवाज कधी ऐकला नाही. मी माणसांचे आवाज ऐकले. तिच्यासमोर उभं राहून जे बोलायचं ते नीट बोलायला हवं, म्हणून माणसं स्वतःशी कधी नव्हे इतकी खरं बोलायची. साहेब रडले ते कौल पडायच्या आधी. त्या काळ्या पाषाणाशेजारी उभं राहून हे सगळं ऐकायला मिळालं, मुंबईला गेलो असतो तर मिळालं नसतं. त्याचं ऋण मी मानतो. बाकीचा वाद मास्तरांसाठी ठेवून दिला आहे.

बारा वर्षं उलटली. हरवलेल्या माणसाची बारा वर्षं वाट पाहायची आणि मग दर्भाचा पुतळा करून त्याचे अंत्यविधी करायचे, अशी रीत आहे. दत्तारामची आई त्याआधीच गेली होती. भटजींनी दिवस काढून दिला. आदल्या दिवशी सकाळी भिकाजी आणि जानकी देवळात आले. भिकाजीचे केस पिकले होते. बरोबर तिसरं कोणी नव्हतं. तातूकाका वर्षापूर्वी वारले होते आणि त्यांचा मुलगा त्या दिवशी परगावी होता. बाबाही आता हयात नव्हते.

"नारायणा," भिकाजी म्हणाला, "विधी करू काय, इतक्या इचारूचा आसा. गाऱ्हाणा तू घाल."

मी पाकळ्या पाण्यात बुडवल्या. तोच जानकी म्हणाली, "भावजी, मी घालतंय." भिकाजीने माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली. अडवणारा मी कोण होतो? ती देवीसमोर उभी राहिली, पदर सावरला, हात जोडले. आवाज मोठा नव्हता, पण कापतही नव्हता.

"माये सातेरी, आज मी काय इचारूक येवक नाय. सांगूक इलंय. बारा वर्सा तू वाट बघूक सांगितलंस, मी बघलंय. घरच्यांनी माका भायर काढूक नाय. सासूक शेवटपर्यंत माझ्या हातान भरवलंय. माका अक्षर गावला, बायकांचो लोभ गावलो. दत्ताराम तुझ्या दर्यात आसा, तेका तू सांभाळ. हंय सगळा बरा आसा, इतक्या तेका सांग गे माये."

ती थांबली. प्रश्न नव्हताच. माझ्या चिमटीत दोन ओल्या पाकळ्या होत्या आणि त्या लावायला काही कारण उरलं नव्हतं. पंधरा-सोळा वर्षं मी माणसांना देवीला विचारताना पाहत होतो. तिला काही सांगायला, आणि तिच्याकरवी निरोप धाडायला आलेलं माणूस मी पहिल्यांदा पाहिलं.

गाऱ्हाण्याला साथ द्यायला कोणी हवं होतं. भिकाजी फरशीवर डोकं टेकून रडत होता. आमच्या देवळात गुरव कधी "व्हय म्हाराजा" म्हणत नाही. तो देवीच्या बाजूला उभा असतो, आणि देवीच्या बाजूने होय म्हणायचा अधिकार पाकळीचा, त्याचा नाही. मी गाभाऱ्याची पायरी उतरून खाली आलो, जानकीच्या शेजारी उभा राहिलो, पाकळ्या तशाच तळव्यांत धरून हात जोडले, आणि जितक्या मोठ्याने म्हणता येईल तितक्या मोठ्याने म्हणालो, "व्हय म्हाराजा!"